इन्व्हर्टर एसी खोलीचे तापमान कसे ओळखतो, आणि तो नीट कसा चालवावा

नाशिकमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो एक आकडी होऊ शकतो. म्हणून 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी, म्हणजेच बदलत्या वेगाचा हीट पंप (उन्हाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर आणि हिवाळ्यात बाहेरची आत नेणारे यंत्र), येथे दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो. मात्र हे यंत्र खोलीचे नव्हे, तर स्वतःच्या जाळीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचे तापमान मोजते, हे आधी लक्षात घ्यावे.

मेन स्विच बंद करून पुढचे झाकण उघडावे व फिल्टर काढावा. बहुतेक युनिटमध्ये कॉइलच्या, म्हणजे हवा गार किंवा गरम करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याच्या पुढे, बारीक वायरच्या टोकाला मण्याएवढा सेन्सर दिसतो. तो थर्मिस्टर असतो. हवा तापली की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून कंट्रोल बोर्ड तापमान ठरवतो. रिमोटवरचा आकडा आणि हे तापमान यांत किती फरक आहे व तो किती वेगाने घटतो आहे, हे पाहून बोर्ड कॉम्प्रेसरचा वेग वाढवतो किंवा कमी करतो. फरक मिटत आला की कॉम्प्रेसर मंदावतो आणि भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेपुरतेच काम करत राहतो. म्हणूनच दर तासाला एसी बंद-चालू करणे टाळावे. तसेच खोली लवकर गार व्हावी म्हणून १८ लावण्यात अर्थ नाही. खोली तापलेली असताना २४ वरही कॉम्प्रेसर बहुधा पूर्ण वेगानेच सुरुवात करतो.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते युनिटच्या जागेकडे. वर लॉफ्ट किंवा पीओपी अगदी चिकटून असेल, तर बाहेर पडलेली गार हवा वळून पुन्हा आत ओढली जाते, सेन्सरला खोली गार झाल्यासारखे वाटते आणि पलंगावरचा माणूस घामाघूम राहतो. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले अंतर वर मोकळे ठेवावे.

हिवाळ्यात अडचण उलटी होते. गरम हवा छताशी साठते, त्यामुळे उंचावरचा सेन्सर लवकर समाधानी होतो. अनेक यंत्रांत यासाठी काही अंशांची दुरुस्ती आधीच केलेली असते, पण प्रत्येक खोली वेगळी असते. हवेच्या झोताला दिशा देणारी झडप खाली वळवावी, पलंगाच्या उंचीवर, झोताबाहेर साधा थर्मामीटर ठेवावा आणि अर्ध्या तासाने पाहावे; रिमोटवर २२ असताना तेथे १९ दिसले, तर २५ लावावे. रिमोटमध्येच सेन्सर असण्याची सोय असेल, तर ती सुरू करून रिमोट उशाशी, युनिटच्या दिशेने ठेवावा. तो पांघरुणाखाली गेला तर मोजमाप चुकते.

थंडीत चालू एसीचा आतला पंखा काही मिनिटे थांबला, तर घाबरू नये. बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवण्याचे काम चालू असते. पण फिल्टर धुऊनही तापमान भलतेच राहिले, तर तंत्रज्ञाकडून सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर तपासून घ्यावा. अनेक सेन्सरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस पुस्तिकेतून पडताळावा आणि तो जुळत नसेल, तर बोर्डाला हात लावण्याआधी सेन्सर बदलावा.