पारा ३४ वरच आहे म्हणून गाफील राहू नका: गोव्याच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाईलवर ३४ डिग्री बघून निर्धास्त होणं. नागपूरला ४४ असतं, आपल्याला काय होणार, असं आमच्या फोंड्यात अजून सर्रास ऐकायला मिळतं. पण अंग थंड होतं ते घाम येऊन नाही, घाम सुकून, आणि इथल्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता ठिबकत राहतो, म्हणजे अंगातलं पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलंच राहिलं. म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० ची अट धरतं आणि किनाऱ्यावर ३७ चीच. २०२३ ला आपल्याकडे शाळा दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या होत्या, तेही मार्चच्या सुरुवातीलाच!

दुसरं, कूलर घेऊ नका. आम्ही घेतला होता, खिडक्या बंद करून लावला आणि तासाभरात भिंती चिकट, पोर घामाने चिंब होऊन रडतंय. कूलर हवेत पाणी सोडून गारवा करतो, ते कोरड्या हवेतच जमतं. इथे पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो त्याला वाट हवी. वर स्लॅब असेल तर तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो, म्हणून त्यावर झावळ्या पसरा नाहीतर पांढरा रंग मारा.

उर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचा, सीझन नेमका याच दिवसांत, दुपारी एक ग्लास घेतला की तहान भागल्यासारखी वाटते पण लघवीवाटे पाणी उलट जास्त जातं, मग तसंच परत उन्हात कामाला जायचं म्हणजे धोकाच. त्यापेक्षा आपली अकराची पेज घ्या, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. पाणी आणि मीठ दोन्ही मिळतं, खूप घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही.

आणि ही शेवटची चूक जिवावर बेतते. गेल्या वर्षी शेजारचे काका काजूच्या बागायतीतून दोन वाजता आले आणि काहीबाही बोलायला लागले, अंग भाजत होतं, घरच्यांना वाटलं ताप, त्यांनी पॅरासिटामॉल दिली आणि वर चादर घातली. उष्माघातात ती गोळी काही कामाची नाही. माणूस भरकटल्यासारखं बोलला, चालताना तोल गेला की घाम येत असला तरी उष्माघातच समजा, १०८ ला फोन करा, सावलीत आणा, कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा, पंखा लावा, मानेला आणि काखेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, श्वासनलिकेत जातं. काकांच्या अंगावरची चादर माझ्या आईने ओढून काढली आणि गाडी येईपर्यंत ती विहिरीच्या कळशा ओतत होती, म्हणून काका आज आहेत.