भूकंपाआधी गल्लीने करायची तयारी

26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचं केंद्र कच्छात होतं, तरी अहमदाबादेत इमारती कोसळल्या. खाली नुसते खांब आणि पार्किंग असलेल्या त्यात बऱ्याच. तेव्हा बडोद्यातही निर्धास्त राहू नका.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत आधी वर बघा: माळ्यावरची पितळी पातेली, पलंगाच्या उशाशी उभं कपाट. जड भांडी खाली उतरवा. कपाट वरच्या बाजूला दोन लोखंडी एल-पट्ट्यांनी भिंतीला जखडा. चुकतं ते इथेच: स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसतो आणि पहिल्याच हिसक्याला उपटून येतो. स्क्रूचा प्लग विटेत दोन इंच तरी आत हवा. मातीच्या भिंतीत तोही धरत नाही. तिथे कपाट निजायच्या खोलीतून हलवाच.

माणशी रोज 4 लिटर, असं तीन दिवसांचं पाणी ठेवा. गच्चीवरच्या टाकीचा भरवसा नको, हादऱ्यात तिचा पाइप तुटू शकतो.

गल्लीची यादी करा: एकटे आजी-आजोबा कुठे, गॅसचा कॉक कुठे, पहार कोणाकडे. हादरा सुरू असताना मजबूत टेबलाखाली. थांबल्यावर मैदानात, अरुंद बोळात नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रुग्णवाहिकेसाठी 108.