गांजाच्या फुलोऱ्यावरची बुरशी: कशी ओळखायची, कशी टाळायची

कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात सप्टेंबर संपत आला की रात्री गारठतात, पहाटे दव पडतं आणि मधूनच दोन-तीन दिवस पावसाची झड लागते. अंगणातल्या गांजाचे तुरे नेमके याच दिवसांत भरून जड झालेले असतात. उन्हाळाभर निरोगी राहिलेलं झाड शेवटच्या पंधरवड्यात आतून कुजतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते बरेच दिवस कळत नाही. कुजलेला भाग फेकावा लागतो, हे नुकसान आहेच. पण खरी काळजी वेगळी आहे: न कळता तीच बुरशी कुणाच्या तरी फुप्फुसात जाते.

आधी कायद्याचं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावता येतात. ही मर्यादा घरटी आहे, माणशी नाही. क्वेबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडांची मुभा आहे. भारतात मात्र १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणून हा लेख जिथे परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठीच आहे. गावाकडच्या कुणीही यातलं काही करून पाहू नये.

१. शत्रू ओळखा

नाशिक-सांगलीकडची द्राक्षबाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना भुरी शिकवावी लागत नाही. पानाच्या वरच्या बाजूला पांढरे गोल ठिपके येतात, पुढे ते एकमेकांत मिसळतात आणि पानावर पिठी चाळल्यासारखी दिसते. बोटाने पुसली की निघते, पण काही दिवसांत परत येते. द्राक्षावरची भुरी गांजावर येत नाही, बुरशीची जात वेगळी आहे; वागणं मात्र तेच. तिला पाऊस लागत नाही. सावली, दाटी आणि दमट हवा एवढं तिला पुरतं.

नवख्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण तयार होत आलेल्या फुलावर राळेच्या ग्रंथींचाही पांढरा थर असतो. तीसपट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. ग्रंथी असेल तर उभा देठ आणि त्यावर चमकणारं गोल डोकं दिसतं, आणि एकेक ग्रंथी सुटी मोजता येते. बुरशी असेल तर निस्तेज धागे आडवेतिडवे पसरलेले, एकमेकांत गुंतलेले दिसतात.

दुसरी आणि जास्त वाईट ती राखाडी कूज, म्हणजे बोट्रायटिस. द्राक्षाच्या घडात आणि स्ट्रॉबेरीवर येते तीच ही बुरशी. ती तुऱ्याच्या आत, देठाजवळ सुरू होते. सगळ्यात मोठा, सगळ्यात घट्ट तुरा आधी पकडते, कारण आतली ओल तिथेच सगळ्यात उशिरा वाळते. पहिली खूण फार लहान असते: हिरव्यागार तुऱ्यातून डोकावणारं एखादंच पान अचानक पिवळं किंवा तपकिरी पडतं. ते हलकेच ओढा. निरोगी पान तटून बसतं. कुजलेल्या जागेचं पान काहीही जोर न लावता हातात येतं. मग तुरा तिथे उकलून बघा. आतला देठ तपकिरी, मऊ असेल आणि त्यावर राखाडी लव असेल, तर निदान झालं. उशीर झाला असेल तर उकलताना धूर निघावा तशी भुकटी उडते. ते बीजाणू आहेत. तोंड बाजूला घ्या.

तिसरी बुरशी काढणीनंतर येते, वाळवताना किंवा बरणीत. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या तिच्या नेहमीच्या जाती. पांढरी, हिरवट किंवा निळसर लव दिसते. पण कित्येकदा डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं: बंद माळ्यावरचा कुबट वास किंवा नाकात चढणारा अमोनियाचा दर्प. झाडाचा मूळ वास जाऊन यातलं काहीही आलं, तर लव दिसत नसली तरी संशय धरा.

२. रोज कधी, कसं बघायचं

काढणीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत रोज एक फेरी मारा. वेळ सकाळची, दव उतरल्यावर. आधी वरचे जाड तुरे बघा, मग आतल्या सावलीतली पानं. बॅटरी तिरकी धरली की भुरीचा थर उठून दिसतो. अळीची विष्ठा, म्हणजे बारीक काळे दाणे दिसले तर तो तुरा नक्की उकलून बघा. अळी आत शिरून जखम करते आणि कूज बहुतेक वेळा त्याच जखमेतून सुरू होते. ओंटॅरिओत मका जवळ असेल तर मक्याची खोडकिडा अळी गांजावरही येते.

३. झाडावर असताना टाळायचं कसं

निम्मी लढाई बियाणं निवडतानाच जिंकता येते. ऑक्टोबरमध्ये तयार होणारा, दगडासारख्या घट्ट तुऱ्यांचा वाण या हवेत लावू नका, त्याची कितीही तारीफ ऐकली असली तरी. लवकर येणारे आणि सुटसुटीत तुऱ्यांचे वाण घ्या. दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले, म्हणजे ऑटोफ्लॉवर वाण तर ऑगस्टमध्येच हाती लागतात आणि दवाचा मोसम चुकवतात. माझं स्पष्ट मत आहे की अंगणात पहिल्यांदा लावणाऱ्याने तेच घ्यावेत.

झाडाला सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्या. दव जितक्या लवकर उडेल तितकं बरं. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागू देऊ नका. फुलोरा धरायच्या आधी मधली, ऊन न पोचणारी पानं आणि खुरट्या फांद्या काढून झाड मोकळं करा. द्राक्षाची विरळणी करतात त्यामागेही वारा खेळता ठेवण्याचाच हेतू असतो. पाणी बुंध्याशी, सकाळी. फुलोऱ्यात नत्राची खतं बंद करा, नाहीतर पाला माजतो. पावसाचा अंदाज असेल तर वर प्लॅस्टिकचं छत घाला, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गुंडाळलेल्या झाडाखाली जमिनीची वाफ कोंडते आणि पावसापेक्षा जास्त नुकसान करते. पाऊस पडूनच गेला, तर फांद्या हलवून पाणी झटका. मात्र कूज दिसलेलं झाड कधीही झटकू नका.

घराच्या आत वाढवणाऱ्यांचा धोका रात्रीचा आहे. दिवे बंद झाले की तापमान उतरतं, झाड मात्र पाण्याची वाफ सोडतच राहतं. २४ अंश सेल्सिअसला आर्द्रता ६० टक्के असेल, तर जो पृष्ठभाग १६ अंशांच्या खाली जातो त्यावर दव धरतं. तळघरात हिवाळ्यात हे सहज घडतं. म्हणून दिव्यांच्या वेळेचा आकडा बघून समाधान मानू नका. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नोंद ठेवणारं आर्द्रतामापक घ्या आणि रात्रीचा आकडा वाचा. फुलोऱ्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा, डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, रात्री चालू राहू द्या, आणि पंखा झाडांच्या वर व खाली हवा फिरवेल असा लावा.

फवारणीबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे द्राक्षाच्या भुरीवर मायक्लोब्युटॅनिलसारखी औषधं मारतात, म्हणून कुणाला ती इथेही वापरावीशी वाटतील. मुळीच वापरू नका. द्राक्ष खाल्लं जातं, हे फूल जाळलं जातं. आणि मायक्लोब्युटॅनिल तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. कॅनडात याच औषधाचे अंश सापडल्यामुळे २०१६-१७ मध्ये परवानाधारक उत्पादकांचा माल बाजारातून परत बोलवावा लागला होता. फुलोऱ्यापूर्वी पानांवर भुरी दिसली, तर पोटॅशियम बायकार्बोनेटचं, लेबलवर दिलेल्या प्रमाणातलं पाणी चालतं. तुरे धरल्यावर त्यांच्यावर काहीही मारायचं नाही, गंधकही नाही.

४. कूज सापडलीच तर

वारा पडलेला असताना काम करा, पंखे बंद ठेवा. तोंडाला एन-९५ मास्क लावा. कुजलेल्या तुऱ्यावर हळूच पिशवी चढवा, मग तपकिरी भागाच्या खाली चार-पाच सेंटिमीटर निरोगी देठ धरून कापा आणि पिशवीचं तोंड तिथेच बांधा. दर कापानंतर कात्री ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हा कचरा कंपोस्टमध्ये टाकू नका. आसपासचे तुरे उकलून बघा, कारण एक सापडला म्हणजे शेजारी आणखी असण्याची शक्यता मोठी. पुढचे चार-पाच दिवस पाऊस सांगितला असेल, तर उरलेलं झाड थोडं कच्चं असलं तरी काढून घ्या.

काही जण काढलेले तुरे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवतात. वरची धूळ निघते, पण तुऱ्याच्या गाभ्यातली कूज तशीच राहते. कुजलेला तुरा धुऊन वाचत नाही.

५. वाळवणं आणि बरणी

जाड तुरे फोडून लहान करा, पाना-देठांचा पसारा कमी करा. अंधारी खोली, १५ ते २० अंश तापमान, ५० ते ६० टक्के आर्द्रता. पंखा खोलीत फिरावा, थेट फुलांवर नको. थेट वाऱ्याने साल वाळते आणि गाभा ओला राहतो. साधारण ७ ते १४ दिवस लागतात. बारीक देठ वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला म्हणजे झालं.

काचेची बरणी पाऊण भरा आणि आत छोटं आर्द्रतामापक ठेवा. एक दिवस झाकण लावून मग आकडा बघा: ५५ ते ६२ असेल तर ठीक, ६५ च्या वर असेल तर सगळा माल त्याच दिवशी बाहेर पसरा. गाभ्यातली ओल हळूहळू वर येते, म्हणून बरणीत घालताना कोरडी लागणारी फुलं दुसऱ्या दिवशी दमट लागतात. पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडा आणि वास घ्या. जास्त वाळलेल्या मालात संत्र्याची साल किंवा बटाट्याचा काप टाकायची युक्ती कुणी सांगेल. ती सरळ बुरशीची सोय आहे.

६. संशय आला तर फेकाच

जाळल्याने किंवा भाजल्याने बुरशी निर्धोक होते, हा समज घातक आहे. सगळे बीजाणू आचेने मरत नाहीत, काही धुराबरोबर आत जातात. आणि ॲस्परजिलसच्या काही जाती तयार करतात ती अफ्लाटॉक्सिनसारखी विषं तर उष्णतेला दाद देत नाहीत. दमेकऱ्याला बुरशीच्या बीजाणूंनी झटका येऊ शकतो. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, म्हणजे अवयवरोपण झालेले किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, त्यांच्या फुप्फुसात ॲस्परजिलस रुजून जीवघेणा आजार होतो. असे रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. म्हणूनच कॅलिफोर्नियात ओढायच्या मालाची ॲस्परजिलसच्या चार जातींसाठी सक्तीची तपासणी होते.

कर्करोगाच्या उपचारांत मळमळ थांबावी, भूक लागावी म्हणून कुणी तुमच्याकडे घरचा माल मागितला तर देऊ नका, कितीही जवळचं माणूस असो. त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगा. धूर नसलेले, तपासलेले पर्याय परवानाधारक विक्रेत्यांकडे मिळतात. घरच्या मालात डोळ्यांना न दिसणारे बीजाणू आहेत की नाहीत, हे भिंगाने सांगता येत नाही.

७. पुढच्या हंगामाआधी

वाळलेली खोडं, गळलेली पानं, मुळांचे गड्डे सगळं उचला. बोट्रायटिस याच काडीकचऱ्यात हिवाळा काढते. कुंड्या साबणाने घासा, मग पातळ ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. घरात झाडं वाढवायचा तंबू असेल तर त्याच्या शिवणी आणि पंख्याची पाती पुसा, फिल्टर बदला. वाळवणाच्या दोऱ्या आणि जाळ्यांना जुना चिकटा लागलेला असतो. त्या धुण्यापेक्षा नव्या घेणं सोपं पडतं.