डिटेक्टर उघडण्याआधी केबल बघा

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, "तिसऱ्या पॅडलचा सिग्नल येत नाहीये, बघ जरा." पॅडल म्हणजे कण आरपार गेला की क्षीण उजेड देणाऱ्या प्लॅस्टिक सिंटिलेटरची सपाट पाटी आणि तिच्या टोकाला चिकटवलेली, तो उजेड विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब, म्हणजेच पीएमटी. "बघ जरा" याचा अर्थ मी "उघड" असा घेतला. काळी टेप सोलली, आतली फॉइल काढली, ट्यूबचं ऑप्टिकल ग्रीस पुसून नवं लावलं, सगळं पुन्हा गुंडाळलं. दोन दिवस गेले, सिग्नल नाहीच. तिसऱ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी शेजारच्या चालू पॅडलची केबल काढून माझ्या पॅडलला लावली आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पल्स दिसायला लागल्या. जुन्या केबलची आतली तार कनेक्टरपाशी तुटली होती. शिवाय मी गुंडाळलेली टेप एका कोपऱ्यात उचलली गेली होती आणि तिथून उजेड आत शिरत होता. एक बिघाड होता, त्याचे मी दोन केले.

केबलसारख्या क्षुल्लक गोष्टीकडे लक्ष द्यायला कमीपणा वाटत असेल, तर ऑपेरा प्रयोग आठवा. २०११ साली या गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासोला येणारे न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात. पुढच्या वर्षी मुख्य कारण सापडलं: नीट न बसलेली एक फायबर ऑप्टिक केबल.

तर न उघडता काय काय कळतं? बरंच. एचव्ही (हाय व्होल्टेज) सप्लायवरचा करंट आधी वाचा. पीएमटीच्या बेसमध्ये रेझिस्टरची साखळी असते, ती डायनोडना, म्हणजे ट्यूबमधल्या सिग्नल वाढवणाऱ्या इलेक्ट्रोडना, व्होल्टेज वाटून देते. साखळी ३ मेगाओहमची असेल आणि तुम्ही १५०० व्होल्ट दिले असतील, तर करंट ०.५ मिलिअँपिअर दिसायला हवा. शून्य दिसला तर व्होल्टेज बेसपर्यंत पोहोचतच नाहीये किंवा साखळी कुठेतरी तुटली आहे. फार जास्त दिसला तर कुठेतरी गळती किंवा शॉर्ट. करंट बरोबर असूनही सिग्नल नसेल, तर सिग्नलच्या वाटेवर शोधा. एका आकड्यावरून अर्धं निदान होतं, आणि नवखी मंडळी नेमकं तिकडे बघतच नाहीत.

मग केबल. चालू असलेल्या केबलशी अदलाबदल ही सगळ्यात सोपी चाचणी, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, बेस आणि चॅनल तिन्ही एकदम बदलले आणि सिग्नल आला, तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही. केबल लांब असेल तर पल्स जनरेटरमधून एक अरुंद पल्स सोडा आणि परतून येणारा प्रतिध्वनी स्कोपवर पाहा. नेहमीच्या केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. प्रतिध्वनी १२० नॅनोसेकंदांनी आला, तर जाणंयेणं धरून बिघाड सुमारे १२ मीटरवर आहे. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला जादू केल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"ट्यूब गेली" म्हणून माझ्याकडे आलेल्या काही तक्रारींत ट्यूब ठणठणीत होती, स्कोपला ५० ओहमचं टर्मिनेशन (केबलशी जुळणारा टोकाचा रेझिस्टर) लावलेलं नव्हतं, एवढंच. त्याशिवाय पल्स पसरट आणि विचित्र दिसतात.

उघडावंच लागलं तर आधी एचव्ही हळूहळू शून्यावर आणा, केबल काढा, कपॅसिटर उतरायला काही मिनिटं द्या आणि खोलीत एकटं असताना हे काम करू नका. एचव्ही चालू असताना ट्यूबवर खोलीचा उजेड पडला तर ती कायमची निकामी होऊ शकते. एचव्ही बंद असतानाही उजेडात राहिलेली ट्यूब नंतर काही तास उगाच जास्त मोजते, त्यामुळे दुरुस्तीनंतर तिला रात्रभर अंधारात राहू द्या. टेपमधली गळती शोधायला पॅडलवर काळं जाड कापड टाका. मोजणीचा दर झटकन उतरला तर गळती आहे. मग कापड थोडं थोडं सरकवत जागा हेरा. कोपरे आणि ट्यूबची मान, बहुतेक वेळा इथेच सापडते.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. सोडियम आयोडाइडचा स्फटिक हवेतली ओल शोषून पिवळा पडतो, त्याचा डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. जर्मेनियम डिटेक्टर द्रव नायट्रोजनने पूर्ण थंड झाल्याशिवाय त्याला व्होल्टेज देऊ नका. तारांच्या चेंबरमध्ये साधारण २० मायक्रॉन जाडीची एक तार तुटून शेजारणींवर पडली की सगळा भागच शॉर्ट होतो. तेव्हा ती तार काढून टाकून एका चॅनलवर पाणी सोडणं हीच पुष्कळदा शहाणपणाची दुरुस्ती असते, कारण नवी तार योग्य ताणाने बसवायला जाऊन चांगल्या चार तोडण्याचा धोका असतो.

दुरुस्त झालं हे कशावरून ठरवायचं? आकाशातून फुकट येणारे म्यूऑन नावाचे कण आहेतच. समुद्रसपाटीला आडव्या ठेवलेल्या पाटीच्या दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक, म्हणजे २० बाय २० सेंटीमीटरच्या पॅडलमधून मिनिटाला सुमारे ४००. पण नुसत्या मोजणीवर विसंबू नका, त्यात गोंगाट आणि गॅमा किरणंही असतात. तुमचा पॅडल दोन चांगल्या पॅडलच्या मध्ये ठेवा. वरच्या आणि खालच्या पॅडलने एकाच वेळी पाहिलेल्या कणांपैकी किती मधल्याने पाहिले, ते मोजा. ९५ टक्क्यांच्या वर गेलात तर टेप पक्की करा आणि वहीत तारीख, व्होल्टेज, करंट आणि बदललेल्या वस्तू लिहा. काहीच बदललं नसेल तर तेही लिहा.

आणि सापडलेली खराब केबल तिथल्या तिथे कटरने कापा. तिच्यावर चिठ्ठी लावून ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका, चिठ्ठ्या गळतात. तिसऱ्या पॅडलची ती केबल मी चिठ्ठी लावून ठेवली होती. चार महिन्यांनी एका नव्या मांडणीत सिग्नल येईना, तेव्हा मला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी टेपला हात न लावता मी आधी केबल बदलून पाहिली. काढलेल्या केबलच्या टोकाला माझ्या चिठ्ठीचा चिकट डाग अजून होता.