काच गणपतीत, मासे दसऱ्याला

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरी माशांचा पहिला टँक आला तेव्हा मी सगळं एका दिवसात उरकलं होतं. सकाळी काच, दुपारी पाणी, संध्याकाळी सहा गोल्डफिश. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. मी घाबरलो, सगळं पाणी काढलं आणि नळाचं ताजं भरलं. दुसऱ्या सकाळी चार मासे गेलेले. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. "बाबा, त्यांना काय झालं होतं?" तिने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. मासे धडधाकट होते, कच्चं होतं ते पाणी. म्हणून आता ओळखीतलं कुणी टँक घ्यायचं म्हणालं की मी आधी वेळापत्रक सांगतो: काच गणपतीत बसवा, मासे दसऱ्याला आणा. भाद्रपदातल्या चतुर्थीपासून अश्विनातल्या दशमीपर्यंत जवळजवळ पाच आठवडे मिळतात, आणि पाण्याला तेवढे लागतातच.

लागतात ते कशासाठी, हे आधी सांगतो, कारण हे कळलं की बाकीची यादी आपोआप सुचते. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी आहे. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत साठत राहतो. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते थोड्या प्रमाणात मासे सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, दगडांवर वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ते नसतातच म्हटलं तरी चालेल, आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. माझे गोल्डफिश चौथ्या दिवशी गुदमरले ते यामुळे.

तर गणपतीच्या आठवड्यात जागा ठरवा. दोन फुटी टँक, म्हणजे 24 इंच लांब, 12 इंच रुंद, 15 इंच उंच, सुरुवातीला उत्तम. काठोकाठ भरला तर सुमारे 70 लिटर होतो. वर दोन इंच मोकळे आणि तळाला वाळू धरली तर प्रत्यक्ष पाणी 55 ते 60 लिटर. पाणी, काच आणि वाळू मिळून वजन 80 किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्हीच्या टेबलावर किंवा प्लायच्या कपाटावर भरवसा ठेवू नका. स्टँड समपातळीत आहे का ते बघा आणि काचेखाली थर्मोकोलची शीट घाला. पश्चिमेची खिडकी टाळा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचं ऊन काय करतं ते सांगायला नको, आणि एरवीही उन्हाने काचेवर शेवाळ धरतं. देवघराच्या शेजारीही टँक नको. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, उदबत्ती आणि धुपाचा धूरही त्याबरोबर जातो. गोल काचेच्या बाऊलचा विचार तर मनातून काढून टाका. तीन लिटर पाण्यात ना फिल्टर बसतो ना जिवाणूंना जागा मिळते, आणि त्यात गोल्डफिश ठेवणं मला क्रूर वाटतं.

टँक, वाळू, दगड, सगळं नुसत्या पाण्याने धुवायचं. साबण नाही, भांड्यांची पावडर नाही. नदीकाठचे दगड आणणार असाल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. आपला काळा पाषाण शांत राहतो. पण नाशिक-सिन्नर पट्ट्यातल्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, आणि त्यांत कॅल्साइट असेल तर तिथे फेस येतो. असा दगड पाण्यात हळूहळू विरघळून पाणी आणखी जड, म्हणजे क्षारांचं, करतो. शोकेससाठी तो सुंदर, टँकसाठी नको.

आता पाणी. शहरात नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, काही भागांत मुकण्याचं. दोन्ही शुद्धीकरण होऊन क्लोरीनसकट येतात. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं, आणि त्या दिवसांत माझ्या बादलीला क्लोरीनचा वास हमखास जास्त येतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि ते जिवाणूही मारतं. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा, त्यात एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, सोडला तर काम लवकर होतं, किंवा अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर दिलेल्या मापाने घाला. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल त्या दिवशीचं पाणी घेऊच नका. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात गप्पी आणि मोली खुशीत राहतात, निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांना ते सोसत नाही. मासे कोणते घ्यायचे हे घरच्या पाण्यावरून ठरवणं सर्वांत स्वस्त पडतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती आपल्याच घरांत घडते. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. तांबं माणसाला चालतं. पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही माशांना, त्याहून जास्त कोळंबी आणि गोगलगायींना, मारक ठरतं. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनी तर फार जपावं. बागेवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांब्याचंच संयुग. फवारणीचा ड्रम कितीही घासला तरी टँकच्या पाण्यासाठी वापरू नये, आणि बागेतून आल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नयेत. टँकसाठी एक बादली, एक मग आणि एक पाइप वेगळे घ्या आणि बादलीवर मार्करने लिहून ठेवा. घरात हे सगळ्यांना माहीत हवं, धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींनासुद्धा.

पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, की आत मासे नसतानाही रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना खायला मिळतं. कुणा मित्राचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दुधाला विरजण लागतं तसंच हे. माझा दुसरा टँक असाच लावला होता आणि तो तीन आठवड्यांत तयार झाला. त्याच मित्राला अजूनही दर दिवाळीला फराळाचा डबा जातो.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या. हा खर्च टाळू नका, सजावटीचे किल्ले आणि प्लास्टिकचे शंख टाळा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही सलग काही दिवस शून्य दाखवू लागले की पाणी तयार. दसरा आला आणि नायट्राइट अजून दिसत असेल तर मासे आणू नका, कोजागरीला आणा.

या पाच आठवड्यांत विजेचं बघून घ्या. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळी बटणं बंद, हा नियम घरातल्या लहानांनाही पाठ हवा. वायर प्लगपर्यंत सरळ नेऊ नका. खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून जमिनीवर पडेल. वीज गेली की एअर पंप थांबतो, म्हणून इन्व्हर्टरवर एक प्लग किंवा बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी ठेवा. पाण्यात विरघळणारा प्राणवायू उष्णतेने कमी होतो. 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात वीज जाणं माशांना जास्त भोवतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निम्मं पाणी बदला, साठलेलं नायट्रेट निघून जाईल. मासे घेताना त्या टँकमधला प्रत्येक मासा बघा. एखादा कोपऱ्यात परांची घडी करून बसला असेल, अंगावर मिठाच्या कणासारखे ठिपके असतील, तर त्या टँकमधला चांगला दिसणारा मासाही घेऊ नका. पाच-सहा लहान मासे पुरे, बाकीचे दोन-तीन आठवड्यांनी. शेवाळ खाईल म्हणून सकर मासा गळ्यात मारला जातो. तो फूटभर किंवा त्याहून मोठा होतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळताही येत नाही. मग लोक तो गोदावरीत सोडून येतात. कृपा करून असं करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, आपल्या नद्यांत तो टिकतो आणि इथल्या माशांच्या जागा बळकावतो. नाशिकच्या खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या.

पिशवी घरी आली की बंदच पाण्यावर वीस मिनिटं तरंगू द्या. मग उघडून दर पाच-दहा मिनिटांनी टँकचं थोडं थोडं पाणी आत घाला, आणि शेवटी जाळीने फक्त मासे उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी दिवा बंद ठेवा आणि खायला देऊ नका.

पुढे रोजचं काम थोडं आहे. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आठवड्यातून एक दिवस उपास. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं आणि स्पंज नळाखाली न धरता काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर पाच आठवड्यांची वस्ती एका धुण्यात जाते. डासांचं लिक्विड किंवा कॉइल त्या खोलीत लावू नका. त्यांतली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि हा गट माशांना अतिशय विषारी आहे. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर पंप बंद करून टँक ओल्या चादरीने पूर्ण झाका, खोली मोकळी झाली की लगेच पंप सुरू करा.

दसऱ्यानंतर थंडी लांब नसते. निफाडचा पारा घसरल्याची बातमी यायच्या आत हीटर लावून तपासलेला हवा. या आकाराला 75 ते 100 वॅटचा पुरतो. गप्पी, मोली, टेट्रा यांना 24 ते 27 अंश हवेत. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं हीटर बंद करा, गरम नळी हवेत तडकते. रात्री पाणी गार आणि दुपारी कोमट असं झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो. त्याचा परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला दाद देत नाही, तळाशी पडून फुटल्यावर पाण्यात पोहणारी त्याची पिल्लंच औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले तरी औषध आणखी काही दिवस चालू ठेवायचं. सोबत तापमान हळूहळू 29-30 पर्यंत न्यायचं आणि हवा वाढवायची.

दिवाळीत गावी जाणार असाल तर तीन-चार दिवस मोठे, निरोगी मासे न खाता सहज राहतात. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंकडे खाण्याचा डबा देऊ नका. माया म्हणून त्या चमचाभर टाकतील. कागदाच्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा, एक दिवसाआड एक अशा मोजून द्या, आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावा.