डायलिसिसवर सीआरपी वाढला तर उगम कसा शोधावा

किडनी निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, आतल्या आत धुमसत राहतो आणि रक्तवाहिन्या खराब करतो. हा दाह किती आहे ते सीआरपी या रक्ततपासणीत कळतं. डायलिसिसवरचे रुग्ण सर्वाधिक दगावतात ते हृदयविकारानेच. आपण पायावरच्या पाण्यालाही ‘सूज’ म्हणतो आणि दाहालाही, म्हणून घोळ होतो. पाय उतरले म्हणजे दाह गेला असं नाही.

१. सीआरपीसाठी रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी द्या. सर्दी-ताप असेल तर बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

२. एकक वाचा. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ३ च्या वर हृदयाला धोका, १० च्या वर आधी संसर्ग शोधायचा. रिपोर्ट प्रति डेसीलिटर असेल तर १० ने गुणा. ०.८ दिसायला छान, पण तो ८ आहे.

३. उगम शोधा. सगळं अडतं ते इथेच. ‘किडनीवाल्यांचा सीआरपी वाढलेलाच असतो’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

पहिला संशय कॅथेटरवर, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर. बाहेरची जागा स्वच्छ दिसते म्हणून आतली नळी स्वच्छ असेलच असं नाही. डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन घरी जाणं हा शुद्ध वेडेपणा. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, याची तपासणी) झालंच पाहिजे. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं) करून कॅथेटर काढणं हाच पक्का उपाय. महिनोन्‌महिने टाळू नका.

मग ज्याकडे कुणी बघत नाही ते बघा: हिरड्या (ब्रश करताना रक्त येतं का?), मधुमेह्याच्या पायाच्या बोटांमधल्या जखमा, हातात तसाच राहिलेला बंद पडलेला ग्राफ्ट (डायलिसिससाठी बसवलेली कृत्रिम नळी), निकामी झालेली प्रत्यारोपित किडनी. शेवटचे दोन वरून शांत दिसतात, म्हणूनच राहून जातात.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कमी आलं की लगेच प्रोटीन पावडरचा डबा आणला जातो. दाहामुळेही अल्ब्युमिन घसरतं; आधी सीआरपी पाहा. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचं उलटं. दाहात ते फुगतं, म्हणून ‘लोह भरपूर आहे’ असं वाटतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह किती, ते दाखवणारा आकडा) २० टक्क्यांखाली असेल तर शरीराला वापरायला लोह मिळत नाही. हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं घेऊनही ते चढत नसेल तर फेरिटिन आणि सॅच्युरेशन हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

४. दाह कमी करायला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, काढे, भस्मं नकोत. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डायलिसिसवर आल्यानंतर नव्याने सुरू करून ठळक फायदा दिसलेला नाही. फोर-डी (२००५) आणि ऑरोरा (२००९) या चाचण्यांचा निकाल तोच.

५. दोन डायलिसिसमधली वजनवाढ ड्राय वेटच्या (अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाच्या) ४ टक्क्यांच्या आत ठेवा: ६० किलोला २.४ किलो. त्यासाठी पाण्याआधी मीठ तोडा.

६. छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत. या रुग्णांचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) एरवीही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे एका आकड्यावर निकाल नको. काही तासांनी पुन्हा तपासून ते चढतंय का, हे विचारा.