कोनफ्लॉवरचं बी आत्ताच बाहेर थंडीत टाका

जानेवारी चालू आहे, ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढून हात दुखतायत, यात बागेचं कसलं आलंय असं वाटेल, पण ज्यांना दारात कोनफ्लॉवर, म्हणजे मधे काटेरी गोळा आणि भोवती पाकळ्या असलेलं एकिनेशियाचं फूल, हवाय त्यांनी बी टाकायची वेळ हीच आहे. मी हे शिकागोच्या पश्चिमेकडच्या सबर्बमधून लिहितेय, आमचा झोन (हिवाळ्यातल्या थंडीवरून ठरवलेला बागकामाचा पट्टा) ५बी-६ए, त्यामुळे खालच्या तारखा इकडच्या धरा. मिनेसोटावाल्यांनी वसंतातल्या तारखा दोनेक आठवडे पुढे ढकला, न्यू जर्सीवाल्यांनी थोड्या अलीकडे घ्या.

आपल्याला सवय असते झेंडूची. दसऱ्याचा हार उतरवला की वाळलेली फुलं कुस्करून कुंडीत टाकायची, पाणी मारायचं, चार-पाच दिवसांत हिरवं दिसायला लागतं. कोनफ्लॉवर झेंडूच्याच कुळातला, म्हणून मीपण पहिल्या वर्षी तसंच केलं, एप्रिलमध्ये खिडकीत ट्रे मांडला, महिनाभर पाणी घातलं, आणि दोन जातींपैकी एकीची मोजकी रोपं आली, दुसरीचं एकसुद्धा नाही. बी खराब नव्हतं, त्याला हिवाळाच मिळाला नव्हता. हे झाड इकडच्या गवताळ माळाचं, प्रेअरीचं. बी शरदात जमिनीवर पडतं, तेव्हा मातीत अजून ऊब असते, तेव्हाच उगवलं तर कोवळं रोप डिसेंबरात जाणार, म्हणून बी आतून बंद असतं आणि काही आठवडे ओल्या थंडीत राहिल्यावरच उघडतं. ओली थंडी म्हणतेय मी, नुसती थंडी नाही. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये ठेवून बी टिकतं, पण त्याने उगवण सुधारेल असं समजू नका.

आता कुठलं बी घ्यायचं. दुकानात जांभळट गुलाबी दिसतो तो एकिनेशिया पर्प्युरिया, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. थंडी नाही दिली तरी थोडंफार उगवतं, महिनाभर दिली तर जास्त आणि एकदम उगवतं, मुळं तंतूंची असल्यामुळे रोप उचलून दुसरीकडे लावलं तरी रागावत नाही. दुसरी जात पॅलिडा, पाकळ्या फिकट, लांब आणि खाली लोंबणाऱ्या, हा आमच्या इलिनॉयच्या मूळ प्रेअरीतला. लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटममध्ये १९६२ पासून परत उभी केलेली प्रेअरी आहे, शुलेनबर्ग प्रेअरी, जूनमध्ये पोरांना घेऊन तिथे जाऊन पॅलिडा बघाच. इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात खरं, पण मूळ प्रेअरी हजारात एक भागसुद्धा उरलेली नाही, आणि म्हणून बॅकयार्डच्या एका कोपऱ्यात का होईना ही झाडं असावीत असं मला मनापासून वाटतं. पिवळा पॅराडॉक्सा मिझुरी-आर्कान्सॉच्या ओझार्क डोंगरांतला आणि अँगस्टिफोलिया पश्चिमेकडच्या कोरड्या माळावरचा. हे तिन्ही हट्टी, त्यांना ६० ते ९० दिवस ओली थंडी लागते आणि मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, त्यामुळे लहानपणीच एकदा काय ते लावायचं, नंतर हलवायचं नाही.

पाकिटावर पर्प्युरियाचा मॅग्नस हा वाण दिसला तर बिनधास्त घ्या, १९९८ साली तो पेरेनियल प्लांट ऑफ द इयर होता, पाकळ्या आडव्या पसरलेल्या आणि बियांपासून चांगला येतो. व्हाइट स्वानही येतो. मिश्र रंग हवे असतील तर शायन स्पिरिट, याला २०१३ चं ऑल अमेरिका सिलेक्शन्सचं बक्षीस आहे, घरात लाइटखाली लवकर पेरला तर पहिल्याच वर्षी फुलू शकतो. पण नर्सरीत ते केशरी, डबल पाकळ्यांचे, पॉमपॉमसारखे महागडे असतात ना, त्यांचं बी धरून तसंच झाड येईल ही आशा ठेवू नका, ते संकरित असतात, पुढची पिढी वेगळीच निघते आणि बऱ्याच डबलना धड बीच धरत नाही. शिवाय मधला काटेरी गोळाच पाकळ्यांनी झाकला गेला की मधमाशीला तिथे फारसं काही मिळत नाही. मी साधा, एकेरी पाकळ्यांचाच लावते.

आता मुख्य काम. दुधाचा एक गॅलनचा अर्धपारदर्शक जग धुवून घ्या. तळाला आठ-दहा भोकं पाडा, गरम स्क्रू ड्रायव्हरने पटकन पडतात, खिडकी उघडी ठेवा धूर होतो. मग हँडलच्या खालून कमरेभोवती कापत या, पण हँडलखालचे दोनेक इंच कापू नका म्हणजे डब्याचं झाकण उघडावं तसा जग उघडतो. आत तीन-चार इंच पॉटिंग मिक्स भरा, बागेतली माती नको, ती आमच्याकडे चिकणमाती आहे, जगात ती दगडासारखी घट्ट होते. मिक्स आधी बादलीत भिजवून घ्या, मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब गळावेत इतकंच ओलं. वर २०-२५ बिया विखरा, बोटांनी दाबा आणि बी जेमतेम झाकेल इतकीच माती भुरभुरवा, कारण याला उजेड मिळाला तर बरं असतं, खोल पुरलेलं वर येत नाही. जग बंद करून डक्ट टेप लावा, बूच काढून टाका, पाऊस-बर्फ तिथूनच आत जायला हवा. आणि बाहेर ठेवून द्या, जिथे ऊन येतं पण वारा उलटवणार नाही. छपराच्या आत, गराजमध्ये, झाकलेल्या पोर्चवर ठेवू नका, तिथे पाणी मिळत नाही आणि तुम्ही विसरता. वर फूटभर बर्फ साचला तरी हात लावायचा नाही. नाव मात्र दोनदा लिहा, एक बाहेर आणि एक पट्टी आत मातीत, साध्या मार्करची शाई उन्हाने एप्रिलपर्यंत उडून जाते म्हणून आतल्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, पेन्सिल टिकते.

पॅलिडा, पॅराडॉक्सा, अँगस्टिफोलियाचे जग जानेवारी संपायच्या आत बाहेर गेले पाहिजेत, नाहीतर त्यांचे थंडीचे दिवस भरत नाहीत. पर्प्युरियाला मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुभा आहे. ज्यांना उशीर झाला किंवा जे अपार्टमेंटमध्ये राहतात त्यांनी फ्रिज वापरावा: बिया ओलसर वाळूत किंवा दमट पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपलॉकमध्ये, कोथिंबीर ठेवतो तशाच, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नको. आठवड्याला एकदा उघडून बघा, बुरशी दिसली तर बिया धुवून नवा टॉवेल. पर्प्युरिया महिनाभर, बाकीचे दोन ते तीन महिने. बाहेर काढल्यावर ६५-७० डिग्री फॅरनहाइटला पर्प्युरिया साधारण दहा ते वीस दिवसांत उगवतो.

एप्रिलमध्ये जग बघायला लागा. पहिली दोन पानं गोल, गुळगुळीत असतात, त्यानंतरची खरी पानं खरबरीत आणि लव असलेली, हात लावला की कळतं. या दिवसांत जास्त रोपं थंडीने नाही, उन्हाने जातात, कारण बाहेर ७० डिग्री झाले की बंद जगात भट्टी होते. टेप काढा, दिवसा झाकण उघडं, रात्री बंद. एखाद्या रात्री तापमान २०-२५ डिग्री फॅरनहाइटपर्यंत घसरणार असेल तर वर जुनं ब्लँकेट टाका. घरात उगवलेल्या रोपांचा त्रास वेगळा, ती बुंध्याशी काळी पडून कोलमडतात, पाणी वरून न देता ट्रेमध्ये खालून द्या आणि छोटा पंखा लावून हवा खेळती ठेवा.

खरी पानं दोन-तीन झाली की जमिनीत लावायची, आमच्याकडे मेच्या मध्यात. एकेक रोप सुटं करत बसायची गरज नाही, ढोकळ्याच्या वड्या कापतो तसे जगातल्या मातीचे चौकोन कापा आणि अख्खी वडी लावा, नंतर त्यातलं जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने बुंध्याशी कापा, उपटू नका. दोन झाडांत १८ ते २४ इंच अंतर, निदान सहा तास ऊन. पानं फुटतात तो भाग मातीत गाडायचा नाही आणि मल्चही (मातीवर पसरतो तो पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा) त्याच्यावर लोटायचं नाही, हिवाळ्यात तिथे पाणी साचून झाड कुजतं. जागा अशी निवडा जिथे पाणी तुंबत नाही. खत नको. शेण-कंपोस्ट भरपूर घालायची आपली माया असते पण इथे ती आवरा, झाड लांबुळकं होऊन आडवं पडतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी मात्र मिळायला हवं.

आणि सशांपासून जपा. कॉटनटेल ससे कोवळी पानं एका रात्रीत जमिनीसरशी करतात. माझा चिकन वायरचा पिंजरा पहिलं अख्खं वर्ष रोपांवर असतो, फवारे वगैरे करून बघितले, पावसात धुऊन जातात.

पहिल्या वर्षी बहुतेक वेळा नुसती पानंच दिसतील, त्यावेळी झाड मुळं करत असतं. फुलं दुसऱ्या वर्षी, जुलैपासून. हट्टी जातींना तिसरं वर्षही लागतं. काही चुकलं म्हणून उपटून टाकू नका.

उपटायचं ते फक्त एकाच कारणासाठी. फुलाच्या पाकळ्या हिरव्या राहिल्या, मधल्या गोळ्यातून पानांचे झुपके फुटले, झाड पिवळट आणि खुजं झालं तर तो ॲस्टर यलोज नावाचा रोग. तुडतुड्यांमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्मा, म्हणजे जिवाणूसारखा सूक्ष्म जंतू, याचं कारण आहे, हे तुडतुडे दर वसंतात दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर येतात, आणि याला औषध नाही. झाड मुळासकट काढून पिशवीत भरून कचऱ्यात, शेजारचं तण, विशेषतः डँडेलियन, तेही काढा, त्यात हा रोग लपून राहतो. मला पाच वर्षांचं झाड असं काढावं लागलं, जीव तुटला, पण ठेवलं असतं तर बाकीच्यांना लागलं असतं. मात्र आधी नीट बघा. झाड हिरवंगार आहे, पाकळ्यांचा रंग बरोबर आहे आणि फक्त गोळ्यातून एखादा झुपका आलाय तर तो बारीक कोळी किडीचा प्रताप असतो, तेवढी फुलं कापून टाकली की भागतं.

जूनच्या शेवटी कळ्या माना टाकून लोंबताना दिसल्या तर सोंडकिडा देठ कुरतडून त्यात अंडी घालून गेलेला असतो, लोंबणारी आणि खाली पडलेली फुलं गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. जॅपनीज बीटलही तसेच, सकाळी सुस्त असताना साबणपाण्यात झटकायचे. पानांवर भुरी आली तर गर्दी झालीय असं समजा आणि विरळणी करा.

सर्दीवरच्या चहात आणि गोळ्यांत हेच झाड असतं, म्हणून बागेतली मुळं उकळून प्यायची का असं काकू-मावश्या विचारतात. करू नका, रॅगवीडची ॲलर्जी असणाऱ्यांना तर याने त्रास होऊ शकतो.

ऑगस्टनंतरची फुलं कापू नका, गोल्डफिंच पक्षी वाळलेल्या गोळ्यांवर बसून बिया खातात, किचनच्या खिडकीतून आमच्या सासूबाईंचा तासभर तिथेच जातो. स्वतःसाठी बी हवं असेल तर गोळा पूर्ण काळपट झाला की, सप्टेंबर अखेर-ऑक्टोबरात, जाड हातमोजे घालून तोडा, कागदी पिशवीत आठवडाभर वाळवा आणि चोळा. टोचणारे काटे निघतात ते बी नाही, बी मळकट पांढरं, चौकोनी कडांचं, टोकाला बहुतेक तपकिरी पट्टा असलेलं. कोरड्या बाटलीत भरून वर्ष लिहा. आणि भारतात जाताना बॅगेत टाकू नका, तिकडे बी न्यायला परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं.